आधी डॉक्टर, मग शपथ: कोल्हापुरात व्यसनासाठी मदत घेताना पायऱ्यांचा क्रम

गटारीला पोटभर प्यायची आणि श्रावणाच्या पहिल्या दिवशी बाटली एकदम बंद करायची, ही आपल्याकडची जुनी रीत. रोज पिणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतते ती नेमकी इथंच. आमच्या थोरल्या दादाला आम्ही देवाच्या दारात नेलं, शपथ घातली, गळ्यात माळ घातली आणि घरी आणून खोलीत झोपवलं. दुसऱ्या रात्री त्याला फिट आली. तिसऱ्या दिवशी तो भिंतीवरच्या मुंग्या वेचायला लागला. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. बाहेरचं काहीतरी लागलंय म्हणून आम्ही आणखी एक दिवस घालवला.

माळ घालणं चूक नव्हतं. क्रम चुकला होता. त्यानंतरच्या वर्षांत गल्लीतल्या, पाहुण्यांतल्या बऱ्याच घरांसोबत मी दवाखान्याच्या फेऱ्या मारल्या आणि जवळजवळ प्रत्येक घरात हीच चूक पाहिली. आधी भांडण, मग शपथ, मग चहातून चोरून पावडर, मग कोंडून ठेवणं, आणि सगळं फसल्यावर डॉक्टर. हा क्रम उलटा कसा करायचा, ते खाली पायरीपायरीनं दिलं आहे.

१. पहिला आठवडा: वही घाला

अजून त्याच्याशी काही बोलू नका. शंभर पानी वही घ्या आणि सात दिवस नुसतं लिहा. दवाखान्यात डॉक्टर हेच विचारणार आहेत, आणि तिथं तीन नातेवाईक तीन वेगळी उत्तरं देतात.

काय लिहायचं: दिवसाला किती पितो आणि पहिला घोट किती वाजता घेतो. "थोडी घेतो" असं लिहू नका, क्वार्टर मोजा. १८० मिलीच्या एका विलायती क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. देशी किंवा हातभट्टी असेल तर तसं लिहा. सकाळी उठल्यावर हात कापतात का, घाम येतो का, उतारा घेतल्याशिवाय चहाचा कप धरता येतो का? आधी कधी सोडली होती तेव्हा काय झालं होतं? फिट, बडबड, भास यांतलं काही झालं असेल तर ते पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर ठरतो. कावीळ, रक्ताची उलटी, साखर, बीपी, डोक्याला मार, आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावंही लिहा.

दारूशिवाय दुसरं काही चालू आहे का, तेही बघा. गांजा, गर्द, खोकल्याचं औषध, झोपेच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या, पोरांच्या दप्तरात व्हाइटनर किंवा पंक्चरचं सोल्युशन, तालमी-जिमच्या नादानं घेतलेली इंजेक्शनं. रिकामी पाकिटं फेकू नका, पिशवीत जपून ठेवा. डॉक्टरांना नावापेक्षा पाकीट जास्त सांगतं.

एका पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने रिपोर्ट आणि वही एकत्र ठेवा. त्याचं मन वळलेला दिवस कागद शोधण्यात जाता कामा नये.

सावधान: दवाखान्यात जाईपर्यंत त्याची रोजची दारू एकाएकी बंद करू नका. मोरीत ओतू नका, कोंडून ठेवू नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण ज्याचे हात सकाळी कापतात त्याच्यासाठी चार दिवस उशिरा सोडणं हे आज अचानक सोडण्यापेक्षा सुरक्षित आहे. गाडीची किल्ली मात्र आजच काढून घ्या.

२. बोलणं: कोण, कधी, किती

बोलायला एकच माणूस ठरवा. दहा जणांची बैठक बसवली की तो आरोपी होतो आणि निसटायची वाट शोधतो. बायकोनं बोललं तर "रोजचंच हिचं" होतं, वडिलांनी बोललं तर भांडण होतं. आमच्याकडे दाजींनी बोलणं निभावलं, कारण दादाला त्यांची भीड होती आणि दाजींनी त्याला कधी चारचौघांत पाडून बोललं नव्हतं. असा माणूस प्रत्येक घरात असतो. मामा असेल, तालमीतला वस्ताद असेल, जुना वर्गमित्र असेल.

वेळ सकाळची ठेवा, आदल्या रात्री काही घडलं असेल तर त्याच्या दुसऱ्या दिवसाची. प्यायलेल्या माणसाशी रात्री काहीही बोलू नका. ते त्याला आठवत नाही, आणि तुमची शक्ती वाया जाते.

बोलणं असं असू दे: "दादा, परवा रात्री तू आईला ढकललंस. तिचा हात सुजलाय. मला तुझी काळजी वाटते. सोमवारी सीपीआर दवाखान्यात जाऊया, मी रजा काढलीया." घडलेली एक गोष्ट, आपल्याला काय वाटतं, आणि ठरलेला वार. एवढंच. "तू सुधारणारच नाहीस", "पोरांकडं बघ", "तुझ्यामुळं घराची अब्रू गेली" ही वाक्यं गिळून टाका. आणि "आयुष्यात परत शिवणार नाही असं म्हण" ही मागणी तर करूच नका. आज त्याच्याकडून फक्त सोमवारचा होकार हवा आहे.

नाही म्हणाला तर? वाद घालू नका. "बरं, मी तरी जाऊन विचारून येतो" म्हणा आणि खरंच जा. घरच्यांनी पेशंटशिवाय आधी जाऊन सल्ला घेणं पूर्ण चालतं. बहुतेक घरं इथंच थांबतात: तो यायला तयार नाही, मग आपण जाऊन काय करायचं? पुष्कळ करता येतं. काय बोलायचं, पैसे कसे द्यायचे, धोक्याची चिन्हं कुठली, हे सगळं तिथं कळतं, आणि घरचं वागणं बदललं की त्याचंही बदलायला लागतं.

तपासा: मारहाण होत असेल किंवा "जीव देतो" अशी भाषा असेल तर ही पायरी सोडा. त्या क्षणी ११२ लावा. बाईला सल्ला किंवा आसरा हवा असेल तर १८१ आहे. लेकराला धोका असेल तर १०९८.

३. पहिलं दार कुठलं ठोठवायचं

फोनपासून सुरुवात करा. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा मोफत क्रमांक १४४४६ आहे. मनाच्या तब्येतीसाठी टेली-मानसचा १४४१६ आहे, तिथं मराठीत बोलता येतं. फोन करताना वही समोर ठेवा आणि जवळचं सरकारी किंवा सरकारमान्य उपचार केंद्र कुठलं, हा प्रश्न आधी विचारा. आपलं दुःख सांगता सांगता तो राहून जातो.

मग प्रत्यक्ष दवाखाना. शहरात आणि आसपासच्या गावांसाठी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपलं दसरा चौकाजवळचं सीपीआर. ते राजर्षी शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. केसपेपर काढताना "पोटाचं दुखतंय" सांगून मेडिसिनच्या रांगेत उभं राहू नका. लाज वाटते म्हणून लोक हेच करतात, आणि लिव्हरच्या गोळ्या घेऊन परत येतात. सरळ मानसोपचार विभाग सांगा. मानसोपचार हा शब्द ऐकून पेशंट बिथरतो, त्याला आधीच समजावून ठेवा की दारूचा त्रास तिथंच बघतात, त्याला कुणी वेडा ठरवत नाही. सकाळी लवकर पोचा, आणि सोबत दोघं जण असा: एक रांगेत, एक त्याच्याजवळ. तो एकटा चहाला म्हणून बाहेर पडला की दिवस गेला.

चंदगड, आजरा, गडहिंग्लज भागातल्यांनी आधी गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात, इचलकरंजीकरांनी इंदिरा गांधी रुग्णालयात चौकशी करावी. बाकीच्यांनी आपल्या ग्रामीण रुग्णालयात एवढंच विचारावं: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर इथं कोणत्या वारी येतात? खासगीत जाणार असाल तर मानसोपचारतज्ज्ञच गाठा.

पोलिसांची भीती पुष्कळांना अडवते, विशेषतः गांजा-गर्दच्या बाबतीत. डॉक्टरांनी पेशंटची माहिती गुप्त ठेवायची असते, आणि मानसिक आरोग्य कायद्यानं तो पेशंटचा हक्क आहे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४अ आहे. स्वतःच्या सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार मागत असेल, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती काढून घेता येते. विकणाऱ्याला हे कलम लागू नाही. केस चालू असेल तर वकिलाला या कलमाबद्दल विचाराच.

४. सोडण्याचे पहिले पाच दिवस

जिवाचा धोका सगळ्यात जास्त याच दिवसांत असतो, म्हणून ही पायरी दोनदा वाचा.

रोज भरपूर पिणाऱ्यानं शेवटचा घोट घेतल्यावर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलट्या, धडधड सुरू होते. फिट यायची असेल तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भ्रम होतो: माणसं ओळखत नाहीत, नसलेलं दिसतं, ताप चढतो, अंग लटलट कापतं. उपचार नसतील तर यात माणूस दगावू शकतो. म्हणून "दोन दिवस तर झाले, आता काय होतंय" म्हणून तिसऱ्या दिवशी शेतावर निघून जाऊ नका.

घरी राहून सोडायची की दाखल व्हायचं, हे डॉक्टर ठरवतील. पण आधी फिट किंवा भ्रम होऊन गेलेला, लिव्हर किंवा हृदयाचा आजार असलेला, वयस्क, गरोदर, झोपेच्या गोळ्या सोबत घेणारा, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करणारा, किंवा घरी रात्री सोबतीला कुणी नसलेला माणूस असेल, तर दाखल करून घ्या असं तुम्हीच म्हणा.

आता सलाईनबद्दल. "डॉक्टर, एक बाटली लावा, उतरेल" ही आपल्याकडची ठरलेली मागणी. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व, फार कमी झालेलं असतं. तशात नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर उरलंसुरलं बी-वनही खर्ची पडतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डोळे फिरणं, झोकांड्या जाणं, गोंधळणं ही त्याची खूण. झोकांड्या जातात म्हणून घरच्यांना वाटतं, पुन्हा प्यायलाय. सलाईन लावायची वेळ आलीच तर डॉक्टरांना नम्रपणे सांगा: रोज पितात, आधी थायमिन द्यायचं का? हा एक प्रश्न विचारायची हिंमत ठेवा.

सोडतानाचा त्रास आवरायला घरी गोळ्या दिल्या असतील तर त्या हळूहळू कमी करत नेण्याच्या असतात. डबा घरच्या माणसाकडे, वेळ वहीत. त्यावर दारू प्यायली तर श्वास मंदावू शकतो. ठरलेले दिवस संपल्यावर त्याच गोळ्या मेडिकलमधून आणत राहिलात, तर एक व्यसन जाऊन दुसरं लागतं.

सावधान: फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, घड्याळ बघा, १०८ लावा. तोंडात चमचा घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. पाणी पाजू नका.

इतर नशांचं गणित वेगळं. झोपेच्या गोळ्या रोज घेणाऱ्यानं एकदम सोडल्या तर दारूसारखीच फिट येऊ शकते, त्या डॉक्टरांनीच हळूहळू उतरवाव्या लागतात. गर्द किंवा अफूजन्य गोळ्या सोडताना अंगदुखी, जुलाब, नाका-डोळ्यांतून पाणी, तळमळ असा त्रास फार होतो, पण सहसा जीव जात नाही. जीव जातो तो नंतर. महिनाभर थांबलेला माणूस पुन्हा जुन्याच मापानं घेतो, शरीराची सवय गेलेली असते आणि श्वास थांबतो. म्हणूनच अशा रुग्णांना डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध बराच काळ देतात. "एका नशेऐवजी दुसरी नशा" म्हणून घरच्यांनी ते बंद पाडू नये. ते औषध त्याला जिवंत ठेवतं.

५. केंद्र निवडताना

प्रत्येकाला केंद्रात ठेवावं लागत नाही. घरी आधार आहे, काम टिकून आहे, फिटचा इतिहास नाही, अशा अनेकांना ओपीडीच्या फेऱ्या, औषध आणि समुपदेशन पुरतं. पण आधी दोन-तीनदा सोडून पुन्हा सुरू झाली असेल, किंवा घरीच सगळे पिणारे असतील, तर महिनाभर बाहेर राहणं उपयोगी पडतं. पुण्याचं मुक्तांगण आणि साताऱ्याचं परिवर्तन इथं आपल्या भागातले लोक जातात. जागेसाठी आधी फोन करावा.

दादाला दुसऱ्यांदा आम्ही चौकशी न करता एका केंद्रात टाकलं. गाडी आली, चौघांनी उचलला, आणि आम्ही दार लावून रडलो. महिन्यानं आला तेव्हा पाठीवर वळ होते, आणि तो सहा दिवसांत परत प्यायला. ते केंद्र पैसे भरण्याआधी बघून आलो असतो, तर ही वेळ आली नसती. म्हणून पैसे द्यायच्या आधी स्वतः जा आणि विचारा:

मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी आहे का, प्रमाणपत्र कुठं लावलंय? मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? फिट आली तर कुठल्या दवाखान्यात नेता? घरच्यांना भेट आणि फोन कधी? घरच्यांसाठी समुपदेशन आहे का? सोडल्यानंतर पाठपुरावा कसा? पूर्ण खर्च किती, आणि मधेच नेलं तर परत किती? मग झोपायची खोली आणि संडास दाखवायला सांगा. आत जाऊ देत नसतील तर तिथूनच परत फिरा.

२०१७ च्या याच मानसिक आरोग्य कायद्यानं पेशंटला साखळीनं बांधणं कुठल्याही रूपात बेकायदा आहे. सज्ञान माणूस स्वतःच्या इच्छेनं दाखल होतो, ही सर्वसाधारण रीत. त्याची संमती नसताना दाखल करायचं, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे त्याच्या वतीनं निर्णय घ्यायला कायद्यानं मानलेल्या माणसाचा, अर्ज आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे केलेली तपासणी लागते, आणि असं दाखल करणं एका वेळी ३० दिवसांपर्यंतच. "आम्ही गाडी पाठवून उचलून आणतो, तुम्ही फक्त सही करा" म्हणणाऱ्या केंद्राचा नंबर फोनमधून काढून टाका.

६. औषधं, आणि चोरून दिलेली औषधं

"पेशंटच्या नकळत दारू सोडवा" या जाहिरातींवर आपल्या मायबहिणींचे किती पैसे गेले असतील! पुडीत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. कधी त्यात डायसल्फिराम असतं. त्यावर दारू प्यायली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर मृत्यूही येऊ शकतो. हे औषध चांगलं आहे, पण ज्यानं स्वतः समजून होकार दिला आहे त्याच्यासाठी. चहातून, आमटीतून कधीही देऊ नका.

डॉक्टरांनी ते दिलं असेल तर लक्षात ठेवा: शेवटचा घोट घेऊन किमान बारा तास झाल्याशिवाय पहिली गोळी नाही, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारू प्यायली तर तसाच त्रास होऊ शकतो. आसव-अरिष्टं आणि काही खोकल्याच्या औषधांतही अल्कोहोल असतं, ती चालणार नाहीत. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट अशी दुसरी औषधंही आहेत, लिव्हर आणि किडनीचे रिपोर्ट बघून डॉक्टर ती निवडतात. अफूजन्य गोळ्या चालू असताना नाल्ट्रेक्झोन घेतलं तर त्रास एकदम उसळतो, म्हणून सगळं खरं सांगा.

७. घरी परतल्यावर पहिले तीन महिने

तो येण्याआधी घर आवरा. माळ्यावरच्या, गोठ्यातल्या, गाडीच्या डिकीतल्या बाटल्या शोधून काढा.

मग त्याच्यासोबत बसून अवघड दिवस वहीत लिहा. पगाराचा दिवस, आठवडी बाजार, उसाचं बिल जमा होणारा आठवडा, गणपतीचे दिवस, मिरवणुकीची रात्र, लग्नाची वरात, आखाडातलं मटण. प्रत्येकासमोर लिहा: त्या संध्याकाळी कुठं असणार, सोबत कोण, पैसे कुणाकडं. उसाचं बिल आलं की महिनाभर सोसायटीचं पासबुक आणि एटीएम वहिनींकडं राहील, असं त्याच्याच तोंडून ठरलेलं असावं. हिसकावून घेतलेलं एटीएम टिकत नाही.

ज्या वेळी बार गाठायचा ती वेळ रिकामी राहता कामा नये. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकत्र बसून आपले अनुभव सांगणं, कोल्हापुरातही होतात. फी नाही, आडनाव सांगायची सक्ती नाही. पहिल्या सभेत न बोलता नुसतं बसलं तरी चालतं. एका सभेवरून मत बनवू नका, तीन-चार ठिकाणी जाऊन बघा. घरच्यांसाठी अ‍ॅल-अनॉन आहे. वहिनी पहिल्यांदा तिथं गेल्या तेव्हा परतताना रिक्षात म्हणाल्या, "माझं कुणीतरी आज पहिल्यांदा ऐकलं." माळ घालायची असेल तर ती आता घाला. वारी, भजनी मंडळ, सकाळचा रंकाळ्याचा फेरा, तालीम, जे त्याला रुचेल ते. शरीर सावरलेलं असताना घातलेली माळ आधाराला येते.

घरच्यांनी तीन गोष्टी सोडाव्यात: त्याची उधारी गुपचूप भागवणं, कामावर खोटी सुट्टी कळवणं, आणि रोज तोंडाचा वास घेणं. पहिल्या दोन गोष्टींनी पिणं सोपं होतं, तिसरीनं न पिता राहणं अवघड.

तपासा: झोप लागते का? पंधरा दिवसांनंतरही उदास, गप्प, जेवण नाही, असं असेल तर फेरतपासणीची तारीख न बघता डॉक्टरांना भेटा. दारूमागं दडलेलं नैराश्य अशा वेळी वर येतं.

८. पुन्हा प्याला तर

सभेतले लोक याला स्लिप म्हणतात. त्या रात्री काही बोलू नका. झोपला असेल तर कुशीवर झोपवा, आणि हाक मारून उठतो का बघत राहा. उठत नसेल, श्वास घरघरत किंवा मंद असेल, ओठ निळे असतील, तर १०८.

एक दिवस प्यायला असेल तर उद्यापासून बंद करता येईल. आठवडाभर रोज प्यायला असेल आणि हात पुन्हा कापत असतील, तर चौथ्या पायरीचे सगळे धोके परत उभे राहतात, घरी सोडवू नका. डायसल्फिराम चालू असताना प्यायला असेल तर त्रास दिसायची वाट न बघता दवाखाना गाठा.

सकाळी चहा द्या आणि तीनच गोष्टी विचारा: काल कुठं होतास, सोबत कोण होतं, त्याआधी काय झालं होतं. उत्तरं त्याच वहीत नव्या पानावर, तारीख घालून लिहा. मग केसपेपर पिशवीत टाका आणि नऊच्या आत निघा.